उत्तर येत नसेल तर गाव द्या

चौथी 'ब'च्या वाट्याला आफ्रिका आली ती चिठ्ठीत. १९९४ सालची दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच उघडली होती. मुख्याध्यापक कमळाकर सरांनी स्नेहसंमेलनासाठी 'देशोदेशीची मुले' असा विषय काढला, स्टीलच्या डब्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या टाकल्या आणि एकेका वर्गशिक्षिकेपुढे डबा फिरवला. कुणाला जपान आला, कुणाला रशिया, कुणाला हॉलंड. जपानवाल्या बाई लगेच कागदी पंखे कुठे स्वस्त मिळतात याची चौकशी करू लागल्या. विजयमाला चौबळ यांनी आपली घडी उलगडली, वाचली आणि पुन्हा होती तशी मिटून मुठीत धरली.

"काय आलं, बाई?" संगीत शिकवणाऱ्या प्रियदर्शिनी मॅडमनी विचारलं.

"आफ्रिका."

"सुटलात की मग! सगळ्यांत सोप्पं. पोरांना काजळी फासायची, कमरेला गोणपाटाच्या झिरमिळ्या, हातात काठ्या. मी ढोलकीवर ठेका धरते. पाच मिनिटं नुसतं हू हू करत नाचवायचं. टाळ्या तर अशा पडतील!"

स्टाफरूममध्ये हशा झाला. चौबळबाईही ओठ न उघडता थोडंसं हसल्या. कुणाला तोडून बोलण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. सुती साडी, मानेवर घट्ट अंबाडा, हळू आवाज. वर्गात ओरडायची वेळ आली तर त्या उलट आवाज आणखी खाली आणत, आणि मुलं ऐकू यावं म्हणून गप्प होत. शाळा कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाला अगदी लागून. अर्धी मुलं सिडकोच्या बैठ्या घरांत राहणाऱ्या माथाडींची, मूळची सातारा-पाटणकडची. अर्धी गावातल्या आगरी घरांतली. त्या सगळ्या मुलांना, त्यांच्या आयांना आणि स्टाफरूममधल्या प्रत्येकाला चौबळबाई म्हणजे वाशीहून येणाऱ्या, मूळच्या अलिबागच्या बाई एवढंच ठाऊक होतं.

अलिबाग खरंच होतं, पण ते नंतरचं. विजयमालाचा जन्म मोंबासाचा. वडील तिथे रेल्वेच्या गोदामात कारकून होते. आफ्रिकेचा तो पूर्व किनारा, नारळ, खारा वारा, पांढऱ्या चुन्याची घरं. शेजारी झैनाबू नावाची बाई राहायची. तिला सगळी पोरं 'मामा झैनाबू' म्हणत, कारण तिकडच्या स्वाहिली भाषेत मामा म्हणजे आई. विजू अकरा वर्षांची असताना तिची स्वतःची आई तापानं गेली आणि वडिलांनी तिला बोटीत बसवून अलिबागला आत्याकडे धाडलं. अलिबागच्या आळीतल्या मुलींना तिचं बोलणं ऐकून गंमत वाटली. ही दुकानाला 'दुका' म्हणते, गाडीला 'गारी' म्हणते, आणि केस पाहा कसे कुरळे! जंजिरा तिथून काही फार लांब नाही. शिद्दी लोक सगळ्यांनी पाहिलेले. झालं, विजूचं नाव 'शिद्दीण' पडलं. विजू रडत घरी आली तेव्हा आत्यानं तिच्या केसांना तेल चोपडून घट्ट वेणी घातली आणि वेणी घालता घालताच सांगितलं, "हे मोंबासा-बिंबासा आता तोंडातून काढायचं नाही, विजू. कुणी विचारलं तर मुंबईची म्हण. उद्या स्थळं यायची आहेत."

विजूनं ऐकलं. इतकं ऐकलं की लग्नात सासरच्यांना सांगितलं नाही, नोकरीत कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला पुढे केव्हातरी कळलं, तो म्हणाला, "बरं मग?" आणि पेपर वाचू लागला. केसांचा अंबाडा मात्र तेवढाच घट्ट राहिला.

त्या दिवशी घरी जाताना मात्र मूठ उघडायला बाईंना जमेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'आफ्रिका' लिहिलं आणि विचारलं, "कुणाला काय माहीत आहे, सांगा."

"बाई, सिंह!"

"बाई, तिथं माणसं माणसांना खातात. उकडून."

"उकडून नाय रे, भाजून."

"बाई, तिथं सगळे नागडे असतात."

शिवतेज नावाचा एक चुणचुणीत मुलगा होता, मसाला मार्केटातल्या माथाडीचा. तो उठून म्हणाला, "बाई, आफ्रिका कुठला देश आहे?"

"देश नाही. आफ्रिका म्हणजे खंड. आपला भारत त्यात कितीतरी वेळा मावेल. त्यात पुष्कळ देश, शेकड्यांनी भाषा. सगळी आफ्रिका मला येत नाही. मी तुम्हाला त्यातला एक किनारा सांगणार आहे. मोंबासा म्हणून एक गाव आहे तिथला." आणि मग घाईघाईनं, "माझ्या ओळखीच्या एक बाई तिथे राहायच्या."

एवढं खोटं त्यांना पुरेसं वाटलं. त्या ओळखीच्या बाईंच्या आडून त्या मोकळ्या सुटल्या. मुलांना त्यांनी सांगितलं की मोंबासात चहाला चायच म्हणतात, चपातीला चपातीच, पैशाला पेसा आणि कांदा-टोमॅटोच्या कचुंबराला कचुंबरी. कारण आपल्याकडची गलबतं शेकडो वर्षं तिकडे जात होती आणि तिकडची इकडे येत होती. शब्द काही जकात भरत नाहीत. मामा म्हणजे आई हे कळल्यावर वर्गात गोंधळ उडाला.

"बाई, मग मामी कोण?"

"बाई, मग मामाच्या गावाला जायचं म्हणजे आईच्याच घरी?"

"मग सुट्टीत कुठंच जायला नको!"

बाई खळखळून हसल्या. वर्गानं बाईंना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

चूक झाली ती तिसऱ्या दिवशी, आणि ती चांगल्या मनानं झाली. तिथल्या बायका कशा दिसतात, असं कुणीतरी विचारलं. मागून कुणीतरी "काळ्या कुट्ट" म्हणालं आणि बाकं खिदळली. बाईंना राग आला. त्यांच्या डोळ्यांसमोर मामा झैनाबू उभी होती, फुलाफुलांचं कापड अंगाभोवती गुंडाळलेली, ऐटदार. त्यांनी वर्गावर नजर फिरवली आणि ती दुसऱ्या बाकावरच्या सुगंधा म्हात्रेवर थांबली. सुगंधा बोनकोड्याची, आजीजवळ राहणारी. रंग तकतकीत काळा, डोळे मोठे, गालाची हाडं वर. वर्गात फार बोलत नसे. ती 'पाणी'ला 'पानी' आणि 'आहे'ला 'हाय' म्हणायची आणि मुलं तिची नक्कल करायची.

"कशा दिसतात?" बाई म्हणाल्या. "आपल्या सुगंधासारख्या. ऊठ गं, सुगंधा. पाहा, हा असा रंग, असे डोळे. किती देखणी आहे की नाही?"

सुगंधा उभी राहिली. बाईंना वाटलं, पोर लाजली.

मधल्या सुट्टीपर्यंत तिचं नाव मोंबासा झालं होतं.

"ए मोंबासा, डबा दे ना!" "मोंबासा, तुझी मामा आली बघ न्यायला!" दोन दिवसांत ते गावात पोहोचलं. पाण्याच्या टाकीपाशी, दुकानापाशी, सायकलवरून जाणारी मोठी पोरंसुद्धा हाका मारू लागली. बाईंच्या कानावर यातलं काहीच आलं नाही. मुलं असल्या गोष्टी बाईंपुढे करत नाहीत. त्यांना एवढंच दिसलं की दुसऱ्या बाकावरची जागा रिकामी आहे. ताप असेल, त्यांना वाटलं. मग पुढचा आठवडा उजाडला तरी जागा रिकामीच.

शेवटी गावातली एक मुलगी म्हणाली, "बाई, ती आता यायची नाय. तिचा बापूस रविवारी येनार हाय न्यायला. उरनला जाते ती."

"उरणला? कशासाठी?"

"तिचा लहान भाव हाय ना, त्याला सांभालायला. आई कामाला जाते. सुगंधा बोलली, शालेन मना मोंबासा बोलतात, मी जात नाय. मंग आजी बोलली, नाय तं नाय, जा उरनला."

शिवतेज बाकाच्या फळीवर नखानं काहीतरी कोरू लागला.

चौबळबाईंनी खडू खाली ठेवला. त्यांच्या ध्यानात सगळं एकदम आलं, आणि त्यातलं सगळ्यात बोचणारं हे की, जे नाव आत्यानं केसांबरोबर आवळून बांधलं होतं, जे आपण इतकी वर्षं लपवून ठेवलं, ते आपण आपल्या हातानं उचलून एका दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेवलं.

शनिवारी शाळा लवकर सुटली तशा त्या चपला फरफटवत बोनकोड्यात शिरल्या. सुगंधाची आजी शेवंताबाई ओट्यावर बसून सुका जवळा पाखडत होती. काठाचं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, नाकात मोठी नथ, आवाज असा की समोरच्या गल्लीत चाललेलं भांडण थांबावं. शेजारी सुगंधा जवळ्यातले खडे वेचत होती. बाईंना बघून ती चटकन आत गेली.

"या बाय," शेवंताबाई म्हणाली. सूप मात्र थांबलं नाही. "बसा. बसाया काय नाय, पन बसा."

बाई ओट्याच्या कडेवर टेकल्या. "सुगंधा शाळेत येत नाही म्हणून आले."

"नाय येत ती. उद्या तिचा बापूस येतंय. तो उरनला कंटेनरच्या गोदामान हाय, सून पन कामाला जाते, बारका पोर शेजारनीकरं टाकून. पोरीला शिकवाची म्हनून मी इथं ठेवलेली. पन शालेन जर पोरीला नावाच ठेवायची असली, तं ती उरनलाच बरी. तिथं भावाला तरी खेलवल."

"आजी..."

"मी काय बोलतंय ते ऐका पयला. पोर कालीच हाय. मी काली, माजी आय काली, आमी मिठागरान उनान उभ्या राहून झालेल्या बाया. घरान कोन बोलला तं मी हसतंय. पन शालेन बाईनं उभी करून दाखवली? अख्ख्या वर्गाला? बाजारान कोलंबी दाखवतात तशी?"

सूप थांबलं. त्या वेळी सांगण्यासारखं चौबळबाईंजवळ एकच होतं.

"मी मोंबासाची आहे," त्या म्हणाल्या.

"आं?"

"जन्मले तिथे. अकरा वर्षं तिथे होते. अलिबागला आले तेव्हा मुली मला शिद्दीण म्हणायच्या. तेव्हापासून मी कुणाला सांगितलं नाही. वर्गातही सांगितलं नाही. ओळखीच्या बाई राहायच्या म्हणून सांगितलं. नाव माझं होतं आणि चिकटलं तुमच्या नातीला."

शेवंताबाईनं त्यांना खालून वर पाहिलं. गोरटेली, काठपदराची साडी, हातात पर्स.

"तुमी? वाटत नाय."

"हो ना."

"मंग काय खायाच्या तिथं?"

"मासे. नारळाच्या दुधातले. भात."

"म्हंजे आमच्यासारकाच." ती पुन्हा सूप हलवू लागली, पण आता हळू. "अन खेलायच्या काय?"

"कोडी घालायचो. संध्याकाळी शेजारच्या बाईंच्या ओट्यावर. कोडं घालणारा ओरडायचा, किटेंडाविली! म्हणजे, कोडं आहे. आणि बाकीचे ओरडायचे, टेगा! म्हणजे, लाव सापळा."

"सापला!" शेवंताबाईला ते फार आवडलं. "बराबर. कोडा म्हंजे सापलाच. माजा एक घ्या तं. पान्यान जल्मला, उनान वाढला, पान्यान मेला. काय तो?"

बाईंनी विचार केला. "मासा."

शेवंताबाई हसली ती अशी की सुपातला जवळा अर्धा ओट्यावर सांडला. "मासा उनान वाढतंय? बाय गं! उनान त्याचा सुकट होतंय! कशी पास झाल्या तुमी?"

आत, दाराच्या पडद्यामागे, कुणीतरी फुसकन हसलं.

"नाही येत मला," बाई म्हणाल्या. "आता आमच्याकडे उत्तर येत नसलं की काय करतात सांगू? गाव द्यावं लागतं. ज्याला उत्तर येत नाही त्यानं कोडं घालणाऱ्याला एक गाव द्यायचं, मोठं शहर असलं तर उत्तम. तो ते घेतो, तिथं राज्य करतो आणि मगच उत्तर सांगतो."

शेवंताबाईचं हसू ओसरलं. तिनं ओट्यावरून समोर पाहिलं. समोर जिथे एके काळी भाताची खाचरं होती तिथे सेक्टरची घरं होती, रांगेनं, सगळी एकसारखी.

"गाव द्याचा," ती म्हणाली. "आमी देला. सिडकोला सगला देला, शेत देला, खाडी देली, मिठागर देला. उत्तर अजून कोनी नाय सांगितला."

मग पडदा हलला आणि सुगंधा बाहेर आली. बाईंकडे न बघता तिनं विचारलं, "मंग बाई, तुमी गाव देला नाय अजून."

"हो की. कोणतं देऊ?"

"मोंबासा द्या," शेवंताबाई फटकन म्हणाली. "ते त्यांचाच हाय ना?"

"दिलं," बाई म्हणाल्या.

"मीठ," सुगंधा म्हणाली. "मीठ हाय त्याचा उत्तर. आता मोंबासा माजा झाला?"

"तुझा. मी कोण मग? मी तिथली साधी प्रजा."

पोरीच्या ओठांचा कोपरा हलला. पण ती हुशार होती. एवढ्यावर भुलली नाही. म्हणाली, "वर्गान सांगा तुमी. तुमी तिथल्या हाव म्हनून. मी नाय तिथली."

"सोमवारी सांगते."

"अन तू सोमवारी शालेन जा," आजी म्हणाली. "उद्या बापूस आला तं मी बोलतंय, थांब म्हनून. पन संमेलनापर्यंत. मंग तो काय बोलल ते. कोनी परत नाव ठेवला तं त्याच दिवशी उरन. सांगून ठेवतंय, बाय."

सोमवारी चौबळबाईंनी हजेरी घेतली, पट्टी टेबलावर ठेवली आणि वर्गाला सांगितलं. आडवळण न घेता, अगदी साध्या शब्दांत. मोंबासात जन्मल्या त्या स्वतः; ओळखीची बाई कुणी नव्हती; मुली शिद्दीण म्हणायच्या म्हणून त्या रडल्या होत्या; आणि सुगंधा बोनकोड्याची आहे, तिच्या आजीची आजीसुद्धा बोनकोड्याचीच. "त्यामुळे कुणाला मोंबासा म्हणून हाक मारायची असेल तर मला मारा. मी ओ देईन."

शिवतेज उठला. "बाई, मोंबासाबाई म्हणायचं का नुसतं मोंबासा?"

"बाई लाव पुढे. मोठी आहे मी."

वर्ग हसला. शिवतेज मात्र खाली न बसता सुगंधाच्या बाकाकडे वळला आणि काहीतरी पुटपुटला. 'सॉरी' होतं की काय कळलं नाही, पण सुगंधा म्हणाली, "बस खाली, गाव तुजा जाईल." तिनं गाव द्यायचा नियम सांगून कोडं घातलं, त्याला आलं नाही आणि पाटण तालुक्यातलं त्याचं गाव तिच्या खिशात गेलं.

बातमी स्टाफरूममध्ये पोहोचायला वेळ लागला नाही. "अय्या, बाई! तुम्ही आफ्रिकेतल्या? वाटत नाही हं अजिबात," प्रियदर्शिनी मॅडम म्हणाल्या.

"काजळी फासली नव्हती म्हणून," बाई म्हणाल्या. एवढं टोचून त्या आयुष्यात कुणाला बोलल्या नव्हत्या. नंतर दिवसभर त्यांना त्याची चुटपुट लागली. संध्याकाळी जाताना त्यांनी प्रियदर्शिनी मॅडमच्या टेबलावर शेंगदाण्याच्या चिक्कीची पुडी ठेवली. पण काजळीचं मात्र त्यांनी कमळाकर सरांना सरळ सांगितलं. माझी मुलं तोंडं काळी करून नाचणार नाहीत. ती कोडी घालतील.

"अहो बाई, कोडी?" सर डोकं खाजवत म्हणाले. ते वाईट नव्हते, संमेलनाच्या दिवसांत सगळ्या मुख्याध्यापकांसारखे धास्तावलेले होते. "पालक रात्रपाळी करून येतात. त्यांना नाच पाहिजे, गाणं पाहिजे. कोडी ऐकायला कोण बसतंय?"

"यंदा तिकडे दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसांना पहिल्यांदा मत देता आलं, सर. पेपरात तुम्हीच मला दाखवलं होतं, मैलमैल रांगा. आणि आपण काय दाखवणार? हू हू?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "पाच मिनिटं," ते म्हणाले. "जपान आणि रशियाच्या मध्ये. लोक कंटाळले तर पडदा पाडीन."

जानेवारीत मैदानावर मंडप उभा राहिला. चौथी 'ब'च्या मुलांनी घरातून आणलेली रंगीबेरंगी कापडं अंगाभोवती गुंडाळली होती, कुणाच्या आईची ओढणी, कुणाचा टेबलपोस. जपान टाळ्या घेऊन गेला. मग सुगंधा एकटी पुढे आली. तिनं मंडपाकडे पाहिलं, मग विंगेत उभ्या बाईंकडे. मंडपात तिची आजी पुढच्या सतरंजीवर होती, आणि अगदी मागे, बांबूला टेकून, तिचा बाप. उरणहून कामावरूनच आलेला, खाकी शर्ट. हाताला धरून नेण्यासाठीच आलेला. आजीनं सकाळी बाईंना तसं सांगितलं होतं.

"किटेंडाविली!" सुगंधा ओरडली.

"टेगा!" मागून सगळा वर्ग ओरडला. मंडपात खसखस पिकली, पण माना वर झाल्या. शिवतेजनं पुढे येऊन नियम सांगितला. उत्तर येत नसेल तर गाव द्यायचं.

पहिली कोडी मोंबासाची होती. माझी कोंबडी काट्यात अंडं घालते: अननस. दोन सुपाऱ्या नदी ओलांडतात: डोळे. लोकांना चुकत चुकत आली, मजा यायला लागली. मग सुगंधानं आपलं काढलं, आपल्या बोलीत, शब्द न सुधारता.

"दिसाचा दोन येला जेवते, दोन येला ओकते, तरी पोट भरत नाय. कोन ती?"

"दारुड्या!" माथाड्यांच्या घोळक्यातून आवाज आला. हशा.

"'ती' बोलली ती! दारुडी!" दुसऱ्यानं सुधारलं.

"सासू!"

"नाय," सुगंधा म्हणाली. आता तिचा आवाज मोकळा झाला होता. "येत नाय तं गाव द्या."

शिवतेजचे वडील शहाजी, अंगानं दांडगे, उठून उभे राहिले. "घे आमचं पाटण! चाफळबी घे!"

"मेढा घे, पोरी!"

"कोरेगाव माझं, घेऊन टाक! न्हाईतरी तिथं कोण ऱ्हायलंय!"

गावं पाऊस पडावा तशी पडू लागली. चौथी 'ब' प्रत्येक गावाला "घेतला!" म्हणून ओरडत होती. पुढच्या सतरंजीवर शेवंताबाई मात्र तोंड घट्ट मिटून बसली होती. उत्तर तिला ठाऊक होतं, आणि मागे बांबूला टेकलेल्या तिच्या मुलालाही. दोघंही खाडीच्या काठावर वाढलेली. पण त्यानं उत्तर दिलं नाही. त्यानं हात वर केला.

"उरन देला," तो म्हणाला. "घे. उरन तुला."

सुगंधानं मागच्या अंधाराकडे पाहिलं. मुलं "घेतला" म्हणायला तोंड उघडून होती. तिनं हात आडवा केला.

"नको," ती म्हणाली. "उरन नको मना. दुसरा कंचा पन द्या."

मंडप हसला, त्यांना तो खेळातलाच नखरा वाटला. शेवंताबाई हसली नाही. विंगेत चौबळबाईंनी पडद्याची दोरी घट्ट धरली होती. बाप हात वर करून तसाच उभा होता. मग त्यानं हात खाली घेतला, त्याच हातानं मान चोळली.

"बरा," तो म्हणाला. पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असेल नसेल. "मंग नको."

"खाडी!" सुगंधा ओरडली. "भरतीला जेवते, ओहोटीला ओकते. खाडी हाय ती!" आणि टाळ्या अशा पडल्या की कमळाकर सर पडदा पाडायचं विसरले आणि रशियाला तिष्ठत बसावं लागलं.

संमेलन संपल्यावर बाप मंडपाच्या बाहेर बाईंची वाट पाहत थांबला होता. शेजारी आजी, आणि तिच्या पदराला धरून सुगंधा, अजूनही टेबलपोसात गुंडाळलेली.

"बाय," तो म्हणाला, "ही शाला चौथीपर्यंतच ना? मंग पाचवी कंय?"

"मंग तो बारका कोन सांभालल?" शेवंताबाई म्हणाली.

"बघू. तिची आय फिरत्या पालीनं काम मागते म्हनते. बघू काय तरी." त्यानं आईकडे न बघताच उत्तर दिलं.

चौबळबाई त्याला समजावून सांगू लागल्या. पाचवीची शाळा इथून जवळ आहे, मोठा रस्ता ओलांडला की डाव्या हाताला, पाण्याच्या टाकीच्या पलीकडे, पिवळी इमारत...

"रस्ता नका सांगू, बाय," तो म्हणाला. "ती शाला आमच्याच शेतान हाय. तिथं मी भात लावलाय. दाखला कवा भेटल, तेवरा सांगा."

"निकाल लागला की," बाई म्हणाल्या. "त्याच दिवशी या. मी स्वतः देईन."